आरोग्य बचत खाते : रोख किती, गुंतवणूक किती?

अमेरिकेत छोटा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांना उपयोगी पडेल असा हिशेब आज आम्ही मांडत आहोत. तेथे 2004 पासून आरोग्य बचत खात्याची सोय आहे. ज्याच्या विम्यात सुरुवातीचा मोठा खर्च स्वतः सोसावा लागतो, त्यालाच ते मिळते. त्यात भरलेली रक्कम, तिची वाढ आणि उपचारासाठी काढलेला पैसा, या तिन्हींवर केंद्रीय प्राप्तिकर नाही. शिल्लक वर्षअखेर बुडत नाही. ती म्युच्युअल फंडात गुंतवता येते.

मग सगळीच गुंतवावी काय? समजा, खात्यात 5,000 डॉलर आहेत आणि विम्याआधी स्वतः भरायची रक्कम 2,000 आहे. सगळे गुंतवले आणि बाजार 30 टक्के पडला, तर 3,500 उरतील. त्याच वेळी 2,000चे बिल आले, तर पडत्या भावात विकून 1,500 राहतील. उलट 2,000 रोख ठेवून 3,000 गुंतवले असते, तर बिल रोखीतून भागले असते आणि 2,100ची गुंतवणूक हात न लावता राहिली असती.

शहाणा दुकानदार गल्ला रिकामा करून माल भरत नाही. इथेही आधी राखीव, मग गुंतवणूक.

खाते उघडल्यानंतर उपचाराचे बिल स्वतःच्या खिशातून भरले असेल, तर पावती जपावी. ती रक्कम पुढे कोणत्याही वर्षी करमुक्त काढता येते. मात्र वयाच्या 65 वर्षांआधी अन्य कामासाठी पैसा काढल्यास सामान्यतः प्राप्तिकर आणि वर 20 टक्के दंड बसतो.