‘बुद्ध’ आणि ‘बुदिति’ : एका धातूची दोन कुळे

‘बुद्ध’ हे जन्मनाव नव्हे. ‘बुध्’ म्हणजे जागे होणे, जाणणे. या धातूपासून बनलेल्या त्या शब्दाचा अर्थ ‘जो जागा झाला तो’ असा आहे. याच धातूचे दुसरे कूळ पूर्व युरोपात नांदते आहे. फुलचूरच्या या शाळेच्या स्मरणिकेत त्याची ओळख करून द्यावी, असे आम्हांस वाटले.

रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन या स्लाव्ह भाषा होत. त्यांची मूळ भाषा कोणी लिहून ठेवली नाही. म्हणून भाषाशास्त्रज्ञ आजच्या व जुन्या भाषांतील शब्द शेजारी मांडून मूळ रूप ठरवितात आणि ते अनुमानित असल्याची खूण म्हणून त्याआधी तारका छापतात. असे एक रूप म्हणजे *बुदिति, अर्थात ‘जागे करणे’. त्याचीच लेकरे आज गजराच्या घड्याळात दिसतात : रशियनमध्ये ‘बुदील्निक’, पोलिशमध्ये ‘बुजिक’, चेकमध्ये ‘बुदीक’.

हे शब्द आपल्याकडून तिकडे गेले नाहीत, की तिकडून इकडे आले नाहीत. दोहोंचा पूर्वज एकच; त्याच्या आरंभी ‘भ’ व शेवटी ‘ध’ होता. संस्कृतात पहिला महाप्राण गळून ‘बुध्’ झाले. हा नियम हेरमान ग्रासमान यांनी १८६३ मध्ये मांडला. स्लाव्ह भाषांत दोन्ही महाप्राण गळून ‘बुद्’ उरले. इकडे पालीत ‘बुज्झति’ झाले, हिंदीत ‘बूझना’. मराठीने बोध, बुद्धी, प्रबोधन हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे घेतले.

आमच्या मते खरा धडा व्याकरणात आहे. ‘बुध्यते’ म्हणजे स्वतः जागा होतो. ‘बोधयति’ म्हणजे दुसऱ्यास जागे करतो. *बुदिति हे रचनेने या ‘बोधयति’चेच सख्खे भावंड. बल्गेरियात ‘बुदीतेल’ म्हणजे लोकांना जागे करणारा. परकीय सत्तेखाली असताना भाषा आणि शिक्षण जपणाऱ्या शिक्षक-लेखकांना तेथे १ नोव्हेंबर रोजी या नावाने वंदन केले जाते.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये ‘जनता’ पत्राचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ केले, तेव्हा हाच धातू त्यांनी निवडला. जो जागा झाला त्याने दुसऱ्यास जागे करावे, हा या शब्दाच्या दोन रूपांमधील दुवा आहे. निवासी शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाकडे तो दुवा सोपविलेला असतो.