ज्वारीच्या कण्यांची न्याहारी

शेतकऱ्याच्या घरीं न्याहारीस चहा-बिस्किटें येऊन बरींच वर्षें झालीं. अलीकडे ज्यांस प्रकृतीची काळजी वाटते ते शहरांतून ओट या धान्याचीं पाकिटें आणवितात. ओटाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ज्याच्या कणगींत मालदांडी ज्वारी भरलेली आहे, त्यानें ओटाचा गुण कशांत आहे हें आधीं समजून घ्यावें, एवढीच आमची विनंती आहे.

ओट हें थंड हवेंतलें धान्य. स्कॉटलंडांत त्याची लापशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची न्याहारी आहे. त्याचें बाहेरचें कठीण फोल काढावें लागतें; आंतील कोंडा व अंकुर मात्र दाण्यासच राहतात. हा दाणा वाफवून पोलादी पात्यांनीं कापला म्हणजे त्याच्या कण्या होतात. रुळांखालीं चेपला म्हणजे पोहे होतात. दाणा जाडा राहील तितका तो सावकाश पचतो. पातळ चेपून झटपट शिजणाऱ्या प्रकारांत हा गुण उणावतो. विरघळणारा चिकट तंतुमय भाग ओटांत ज्वारीपेक्षां अधिक असतो, हें कबूल केलें पाहिजे. परंतु कोंडा व अंकुर यांसह भरडलेला दाणा खाण्याचा लाभ ज्वारींतही आहे. १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम प्रथिनें व जवळजवळ तितकाच तंतुमय भाग असतो.

कृति अशी : पावसांत न सांपडलेली रब्बी ज्वारी घ्यावी, काळी पडलेली किंवा कुबट वासाची वापरूं नये. ती निवडून, पाखडून मंद आंचेवर थोडी भाजावी व जात्यावर भरडावी. चाळणींतून पडेल तें पीठ भाकरीस घ्यावें. वर राहतील त्या कण्या. सडून कोंडा काढूं नये. अंकुरांतील तेलामुळें कण्या लवकर खवट होतात, म्हणून आठवड्यापुरत्याच भरडाव्या.

रात्रीं १ वाटी कण्या धुऊन २ वाट्या पाण्यांत भिजत घालाव्या. सकाळीं आणखी ३ वाट्या पाणी उकळून त्यांत मीठ व भिजलेल्या कण्या पाण्यासह घालाव्या आणि मधून मधून ढवळीत, मंद आंचेवर सुमारें अर्धा तास शिजूं द्याव्या. कणी बोटांत दाबली असतां मऊ लागली पाहिजे. कोंबट झाल्यावर ताक घालावें. चुलीवर असतांना घातल्यास तें फाटतें. लसणीची चटणी व कांदा तोंडीं लावावा. मुलांस दूध-गूळ घालून द्यावें. लिंबू पिळल्यास धान्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. चहा त्यास अडथळा करतो, म्हणून तो तासाभरानें घ्यावा.

हा प्रश्न केवळ जिभेचा किंवा पैशाचा नाहीं. महाराष्ट्रांत ज्वारीचें क्षेत्र गेल्या अनेक वर्षांत घटत आलें आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. तथापि जें धान्य घरांत खाल्लें जात नाहीं तें शेतांत फार दिवस टिकत नाहीं. ज्वारी गेली कीं कडबा गेला, आणि कडबा गेला कीं उन्हाळ्यांत दावणीस जनावर ठेवणें कठीण. रोज माणशीं ५० ग्रॅम धरल्यास पांच माणसांस वर्षास सुमारें ९१ किलो, म्हणजे एक पोतें, पुरतें. यंदा ज्वारी विकण्यापूर्वीं तेवढें पोतें बाजूस काढावें, असें आम्ही आमच्या वाचकांस आग्रहानें सुचवितों.