गावाची शिरगणती

(गावात किती माणसे राहतात, हे कसे कळते? ती संख्या का वाढते आणि का घटते? बीड जिल्ह्यातील माजलगाव आणि त्याच्या परिसराच्या आधारे ही माहिती या पाठात दिली आहे. प्रत्येक आकड्यामागे एक माणूस असतो, हे पाठ वाचताना लक्षात ठेवा.)

"तुमच्या गावाची लोकसंख्या किती?" असे कोणी विचारले, तर तुम्ही एक आकडा सांगाल. पण हा आकडा आला कोठून? कोणीतरी दारोदार फिरून, माणसे मोजून तो काढलेला असतो. या कामाला जनगणना किंवा शिरगणती म्हणतात. शिर म्हणजे डोके आणि गणती म्हणजे मोजणी. पूर्वी मराठीत यासाठी 'खानेसुमारी' असाही एक शब्द होता. तुम्हांला तो परका वाटणार नाही. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजणी. उर्दूत आपण जिला 'मर्दुमशुमारी' म्हणतो, तिचीच ही बहीण!

माजलगाव हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. ते सिंदफणा नदीच्या काठी वसले आहे. ही नदी पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावते आणि माजलगाव तालुक्यातच, मंजरथ येथे गोदावरीला मिळते. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आणि दक्षिणेला बालाघाटचे डोंगर. या दोहोंच्या मध्ये काळी, कसदार जमीन आहे. या जमिनीत ज्वारी, बाजरी आणि कापूस पिकतो. पाणी मिळाले, तर ऊसही येतो.

या भागातील वस्ती फार जुनी आहे. गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी नावाचे गाव आहे. तेथे तीन ताम्रपट सापडले. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख. हे ताम्रपट देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव याच्या काळातील, म्हणजे इ. स. १३१० मधील आहेत. राजाने दान दिलेल्या गावांची नोंद त्यांत आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही येथे गावे होती, शेती होती आणि तिची नोंद ठेवणारे लोकही होते. मात्र तेव्हा नोंद होई ती गावांची आणि जमिनीची. त्या गावांत किती माणसे राहत होती, हे ताम्रपट सांगत नाहीत.

यादवांनंतर या मुलुखावर अनेक सत्ता आल्या आणि गेल्या. शेवटी हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. त्या काळी सरकारी कचेऱ्यांत आधी फारसी आणि पुढे उर्दू चाले, तर शेतात आणि बाजारात मराठी बोलली जाई. तालुका, तहसील, मौजे, दाखला असे कितीतरी शब्द आजही दोन्ही भाषांत आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

माणसांची पद्धतशीर मोजणी मात्र त्याआधीच सुरू झाली होती. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी भारतात प्रथमच सर्वत्र एकाच वेळी शिरगणती झाली. हैदराबाद संस्थानातही ती त्याच वर्षी झाली. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी हे काम होत राहिले.

आता प्रश्न असा, की एखादे गाव वाढते ते कशामुळे आणि ओस पडते ते कशामुळे? याचे एक टोकाचे उदाहरण अमेरिकेत आहे. तेथे नेब्रास्का राज्यात दूरवर पसरलेली गवताळ मैदाने आहेत. त्या मैदानात मोनोवी नावाचे एक छोटे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे रेल्वे आली आणि गाव वसले. हळूहळू शे-सव्वाशे माणसे तेथे राहू लागली. पुढे शेतीत यंत्रे आली. तरुण मुले कामासाठी शहरांकडे गेली. शेवटी रेल्वेही बंद झाली. २०१० च्या जनगणनेत मोनोवीची लोकसंख्या होती फक्त एक! एक वृद्ध स्त्री तेथे एकटी राहत होती. काम गेले, की त्यामागोमाग माणसे जातात, हेच या गावाची कहाणी सांगते.

माजलगावची कहाणी मात्र पाण्याची आहे. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण बांधण्यात आले. त्याची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६५ मध्ये केली आणि उद्‌घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९७६ मध्ये केले. याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात माजलगावजवळ सिंदफणेवर मातीचे मोठे धरण उभे राहिले. ते १९८७ मध्ये पूर्ण झाले. त्याची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर आहे. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही या धरणात येऊन पडते. बीड शहरालाही येथून पिण्याचे पाणी जाते.

धरण झाले आणि रान बदलले. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. साखर कारखाने आले, बाजारपेठ वाढली. आसपासची माणसे माजलगावात येऊन राहू लागली. गावाला नगर परिषद आहे, म्हणून जनगणनेत ते शहर धरले जाते. २००१ मध्ये माजलगावची लोकसंख्या सुमारे ४४ हजार होती. २०११ मध्ये ती ५० हजारांच्या आसपास गेली. पण याच धरणासाठी काही गावांना आपली घरे आणि शेते सोडावी लागली, हेही विसरून चालणार नाही. एकाच्या रानात पाणी आले, तेव्हा दुसऱ्याचे घर पाण्याखाली गेले.

उर्दूत पाण्याला 'आब' म्हणतात आणि वस्तीला 'आबादी'. या दोन शब्दांचे मूळ एक नाही, पण माजलगावच्या परिसरात त्यांची जोडी तुटत नाही. पाणी असेल तर वस्ती टिकते. पाणी आटले, की माणसांची पावले घराबाहेर वळतात. २०१६ च्या उन्हाळ्यात माजलगाव धरणात वापरण्याजोगे पाणी उरले नव्हते. याउलट सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेला मोठा पूर आला आणि धरणाचे दरवाजे उघडावे लागले. कधी टंचाई, तर कधी पूर, असा हा मुलूख आहे.

बीड जिल्ह्याच्या डोंगराळ भागात कालवा पोचत नाही. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. १९७२ च्या मोठ्या दुष्काळानंतर येथील माणसे ऊसतोडीसाठी अधिकच बाहेर पडू लागली. दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळ्या जमवतो. मजुरांनी त्याच्याकडून आधीच उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. हे लोक पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उसाच्या फडाजवळ कोपी बांधून राहतात. उन्हाळा लागला, की परत येतात. या काळात कितीतरी वाड्या-तांड्यांवर फक्त म्हातारी माणसे उरतात. मुले आई-वडिलांबरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते. म्हणूनच कारखान्यांजवळ साखरशाळा आणि गावाकडे हंगामी वसतिगृहे काढण्यात आली.

आता शिरगणतीकडे पुन्हा वळू. २०११ मध्ये माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. नियम असा होता, की या सर्व दिवसांत जो घरी नसेल, त्याला घरच्या पत्त्यावर मोजायचे नाही. तो जेथे सापडेल, तेथे मोजायचे. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचे ऐन दिवस! त्यामुळे हंगामभर बाहेर असलेला मजूर आपल्या गावच्या आकड्यात आलाच नाही. तो फडावरच्या कोपीत मोजला जायला हवा होता. आणि त्या कोपीपर्यंत प्रगणक पोचला नसेल, तर तो मजूर कोठेच मोजला गेला नाही.

एक माणूस मोजायचा राहिला, तर काय बिघडते? पुष्कळ बिघडते. शाळा, दवाखाना, पाण्याची योजना या गोष्टी लोकसंख्या पाहून ठरतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचे, हेही २०११ च्या आकड्यांवरून ठरले. जो मोजला जात नाही, त्याच्या वाट्याची भाकरीही हिशेबात येत नाही.

शिरगणती आणखी एक गोष्ट करते. ती समाजापुढे आरसा धरते. २०११ मध्ये बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८०७. दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २००१ मध्ये, हीच संख्या ८९४ होती. गर्भातील बाळ मुलगा आहे की मुलगी, हे तपासण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही मुलींना जन्माला येऊ दिले गेले नाही. ही गोष्ट कोणी बोलत नव्हते, ती आकड्यांनी बोलून दाखवली. त्यानंतर लोक जागे झाले आणि सरकारनेही कडक पावले उचलली.

जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषाही विचारतात. २०११ मध्ये महाराष्ट्रात उर्दू ही आपली मातृभाषा आहे, असे सुमारे ७५ लाख लोकांनी सांगितले. तुमच्या घरातील माणसेही त्यांत असतील.

२०२१ ची जनगणना कोरोनाच्या साथीमुळे पुढे ढकलावी लागली. त्यानंतर सरकारने १ मार्च २०२७ हा पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस ठरवला. त्याआधीचा महिना पुन्हा फेब्रुवारीच, आणि फेब्रुवारीत फडावर कोयते चालूच असतात.

प्रगणक तुमच्या दारी आला, तर त्याला पाणी द्या आणि खरी माहिती सांगा. घरातील तान्ह्या बाळाचे आणि अंथरुणावरच्या आजीचे नाव सांगायला विसरू नका. आणि गावाबाहेर कोणी पाल ठोकून किंवा कोपी बांधून राहत असेल, तर त्याला तीही वाट दाखवा.

शब्दार्थ
शिरगणती – माणसांची मोजणी, मर्दुमशुमारी
प्रगणक – जनगणनेसाठी माहिती गोळा करणारा
ओस पडणे – वस्ती नाहीशी होणे, वीरान होणे
मुलूख – प्रदेश, इलाका
टंचाई – कमतरता, तंगी
मुकादम – मजुरांच्या टोळीचा प्रमुख
उचल – कामाआधी घेतलेले पैसे, पेशगी
फड – तोडणीला आलेले उसाचे शेत
कोपी – उसाच्या पाचटाची झोपडी
पाल – कापडाचा तंबू

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिंदफणा नदी गोदावरीला कोठे मिळते?
(आ) पुरुषोत्तमपुरीचे ताम्रपट कोणत्या राजाच्या काळातील आहेत?
(इ) माजलगावचे धरण कोणत्या वर्षी पूर्ण झाले?
(ई) 'एक कोयता' म्हणजे काय?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मोनोवी गाव ओस का पडले?
(आ) ऊसतोड मजूर आपल्या गावच्या आकड्यात का आला नाही?
(इ) बीड जिल्ह्याच्या आकड्यांतून मुलींविषयी काय कळले?

३. 'जो मोजला जात नाही, त्याच्या वाट्याची भाकरीही हिशेबात येत नाही.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. मराठीत आणि उर्दूत सारखेच असलेले पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

५. वचन बदला : गाव, नदी, शाळा, कालवा, झोपडी.

उपक्रम : आपल्या गल्लीतील दहा घरांची शिरगणती करा. दादा-दादी, नाना-नानी यांना त्यांच्या लहानपणी गल्लीत किती घरे होती, ते विचारा. कोण बाहेरून आले, कोण बाहेर गेले आणि का, हे वहीत लिहा.