शब्द कानी पडावा म्हणून

कीर्तन-प्रवचनाचे सार श्रोत्याच्या मनी उतरावयाचे, तर प्रथम शब्द त्याच्या कानी स्पष्ट पडला पाहिजे. ही गोष्ट इतकी उघड आहे की, तिचा विचार फारसा कोणी करीत नाही. आपण लाऊडस्पीकर आणतो, आवाज चढवितो आणि कार्य झाले असे मानतो. माझीही समजूत अशीच होती.

माझे वडील देवळात पुजारी असून चातुर्मासात सभामंडपात पुराण सांगतात. माइक व मिक्सर यांची व्यवस्था माझ्याकडे असते. गेल्या चातुर्मासात मागच्या खांबाशी बसणाऱ्या एका वृद्ध आजींनी नीट ऐकू येत नसल्याचे सांगितले, म्हणून मी रोज थोडा थोडा आवाज वाढवीत गेलो. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाळा, आवाज फार मोठा येतो रे, पण तुझ्या बाबांची कथा काही कळत नाही." दुसऱ्या दिवसापासून त्यांची जागा रिकामी राहिली. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेले नाही. परंतु त्या रिकाम्या जागेने मला जे शिकावयास लावले, ते देवळाच्या व शाळेच्या कार्यकर्त्यांस उपयोगी पडेल, या आशेने येथे मांडीत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मोठा आवाज आणि स्पष्ट शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यातील जोर मुख्यतः स्वरांत असतो; अर्थ मात्र बव्हंशी व्यंजनांवर अवलंबून असतो. 'सर', 'कर', 'तर' या शब्दांत भेद करणारा ध्वनी क्षणभराचा आणि दुर्बळ असतो. हे बारीक ध्वनी विशेषतः सेकंदास २००० ते ४००० कंपनांच्या पट्ट्यात ओळखू येतात, आणि वार्धक्यात श्रवणशक्ती उणी होते ती प्रथम उंच पट्टीच्या ध्वनींविषयी. म्हणूनच वृद्धांस "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" असा अनुभव येतो.

दुसरे कारण वास्तूचे. दगडी फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत यांवरून ध्वनी पुनःपुन्हा परततो व मागील शब्दाची घुमणूक पुढील शब्दावर पडते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात हाच दोष होता. वॉलेस सबाइन या तरुण अध्यापकाने १८९५ साली त्याचा अभ्यास आरंभिला. रिकाम्या गृहात ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सबाइन रात्री जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून मांडी आणि घुमणूक किती उणी झाली ते मोजी. मऊ वस्तू व माणसांची शरीरे ध्वनी शोषून घेतात, हे त्याने मोजमापाने दाखविले. आपल्या जाजमांचे व सतरंज्यांचे महत्त्व केवळ बसण्यापुरते नाही, हे यावरून कळेल. आवाज चढविला की त्याबरोबर घुमणूकही तितकीच चढते. माझी चूक नेमकी हीच होती.

आता उपाय पाहू.

१. माइक मुखाजवळ असावा. अंतर दुप्पट झाले की माइकपाशी पोहोचणारा ध्वनिदाब निम्मा होतो. सभामंडपाचा गोंगाट मात्र तितकाच राहतो. मुखापासून अंतर वीतभराहून अधिक नसावे. कीर्तनकार उभ्याने फिरत असतील, तर कानाला अडकवून गालाशी राहणारा माइक बरा.

२. माइक अगदी ओठांशी आल्यास आवाज जाड होतो. पुरुषाच्या आवाजात सेकंदास १०० कंपनांखालील भाग मिक्सरवर कापावा. त्याने शब्द जात नाही, गडगडाट जातो.

३. शिट्टी ऐकू येते, कारण स्पीकरचा ध्वनी पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि हे चक्र वाढत जाते. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. माइकची जाळी मुठीत धरू नये. तसे केल्याने त्याची दिशा ओळखण्याची शक्ती नष्ट होते.

४. ज्या माइकचे काम नाही तो बंद ठेवावा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीवाचून आवाज वाढविण्याची मर्यादा सुमारे ३ डेसिबेलने उतरते. लहान मंडपात पेटी, तबला व झांजा यांना माइक सहसा लागतच नाही. शब्द दबत असेल, तर गायकाचा आवाज चढविण्यापूर्वी साथ उतरवावी.

५. स्पीकर श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच ठेवून किंचित खाली झुकवावा. त्याचे तोंड माणसांकडे असावे, मागील भिंतीकडे नव्हे. मंडप लांब असल्यास मध्यावर दुसरा लहान स्पीकर लावावा. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो; म्हणजे १७ मीटरांस सेकंदाचा विसावा भाग लागतो. तितकाच विलंब मागील स्पीकरला मिक्सरवर द्यावा, नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येईल.

शाळेच्या संमेलनात आणखी एक काळजी घ्यावी. माइकची दांडी मोठ्यांच्या उंचीची ठेवून लहान मुलास तिच्यापुढे उभे करू नये. महिनाभर पाठ केलेली कविता हवेत विरते आणि मूल आपलाच दोष मानून खाली उतरते. प्रत्येक मुलासाठी दांडी खाली-वर करणारा एक कार्यकर्ता तेथे नेमावा.

बाहेर तोंड केलेल्या कर्ण्यांनी श्रोत्यांस लाभ नाही, शेजाऱ्यांस मात्र त्रास होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागास दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. शब्द स्पष्ट असेल, तर मोठ्या आवाजाची गरजच उरत नाही.

मी बाहेरचे दोन्ही कर्णे बंद केले, जाजमे अंथरली, माइक वडिलांच्या जवळ आणला आणि मागच्या खांबाशी एक लहान स्पीकर लावला. आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवून आजींना निरोप धाडला. त्या आल्या. त्या दिवशी वडिलांनी एके ठिकाणी चुकून सहदेवाऐवजी नकुलाचे नाव घेतले. "सहदेव म्हणा, भटजी!" असे मागच्या खांबाशेजारून आजींनी तत्काळ सांगितले. पुढे बसलेल्या कोणाच्याही ती चूक ध्यानात आली नव्हती.

तेव्हापासून मी एक परीक्षा नियमाने घेतो. कार्यक्रमापूर्वी शेवटच्या ओळीत बसतो आणि कोणाकडून तरी अनोळखी नावांची यादी वाचून घेतो. पाठ असलेले श्लोक या कामी घेऊ नयेत, कारण न ऐकलेला शब्द मन आपणच भरून काढते. यादीतील प्रत्येक नाव मला लिहिता आले, तरच मांडणी ठीक झाली असे मी समजतो.