बॅटरीविना स्नोमोबाइल

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. जुनी, कार्ब्युरेटरवाली स्नोमोबाइल घेतली. बॅटरी मेली आहे, पण दोरी ओढली की इंजिन सुरू होतं. बॅटरी काढूनच टाकली तर?

उत्तर : चालेल, पण नुसती काढून मोकळे होऊ नका. दोरीने इंजिन सुरू होतं, म्हणजे ठिणगीला बॅटरी लागत नाही. ती वीज फ्लायव्हीलमागच्या कॉइलमधून येते. जुन्या गाड्यांत हेडलाइट आणि हँडलचे हीटरही बहुधा थेट एसीवर असतात. अडचण डीसीची. रेक्टिफायरमधून येणारा करंट धक्क्याधक्क्याने येतो आणि ते धक्के बॅटरी पचवते. ती नसली की एलईडी लुकलुकतात, इलेक्ट्रॉनिक मीटर वेडेवाकडे आकडे दाखवतो, कधी जळतोही.

म्हणून बॅटरीच्या जागी मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडा : साधारण २२,००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा. १६ व्होल्टचा स्वस्त मिळतो, घेऊ नका. पट्टी असलेलं टोक उणे. उलटा जोडलात तर फुटेल. थंडी उणे ४० अंशांची सोसणारा निवडा आणि रबरात घट्ट बसवा, नाहीतर हादऱ्यांनी पाय तुटतात. फ्यूज राहू द्या. स्टार्टरची जाड केबल मात्र काढाच. तिचं उघडं टोक चॅसिसला लागलं तर शॉर्ट ठरलेला.

मग इंजिनाचा वेग थोडा वाढवून मल्टिमीटर लावा. १४ व्होल्टच्या आसपास ठीक. १५च्या वर गेलं तर दोष रेग्युलेटरचा, तो आधी बदला. बटन-स्टार्ट अर्थातच विसरा.