दावण मोजून फाटक उघडावं

बाळ, आपल्या गोशाळेत आज आलेली पाच वर्षांची गाय नीट सांभाळली तर आणखी पंधरा वर्षं जगू शकते. एवढा काळ सारख्याच उत्साहानं राबणारा विश्वस्त मी अजून पाहिलेला नाही. कुणाची बदली होते, कुणाचे गुडघे धरतात, कुणाच्या घरी आजारपण येतं. गाय मात्र तिथंच असते आणि तिला रोज संध्याकाळी वैरण लागते. माणसं बदलली तरी वैरण चुकू नये, एवढ्यासाठी विश्वस्त मंडळ असतं. आता तू त्या मंडळात आलीस. पगार नाही, मानधन नाही, जबाबदारी मात्र कायद्यानं बांधलेली. “काकू, मी नेमकं काय काय बघायचं?” असं तू विचारलंस, म्हणून क्रमानं सांगते.

१. आधी दावण मोज

सगळ्यात अवघड काम फाटकावरचं. शेतकरी थकलेला बैल घेऊन उभा असतो, त्याचा गळा दाटलेला असतो आणि आपल्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. तरी आधी हिशेब करायचा. मोठ्या जनावराला दिवसाला वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा चारा लागतो. ४०० किलोचं जनावर धर, म्हणजे ८ ते १० किलो. शंभर जनावरांना वर्षाला २९० ते ३६५ टन झाले. पाणी प्रत्येकी ४० ते ५० लिटर, वैशाखात त्याहून जास्त. आपल्या विहिरीला आणि बँकेतल्या पैशाला किती जनावरं झेपतात, तो आकडा मंडळाच्या ठरावात लिहून ठेव. जागा भरली की नवं जनावर नाही. एका जास्तीच्या जनावरावर दया केली, तर तिची किंमत आतली सगळी जनावरं अर्धपोटी राहून मोजतात.

मात्र नुसतं ‘नाही’ म्हणून शेतकऱ्याला वाटेला लावू नकोस. त्याला दूषण तर मुळीच देऊ नकोस. शेतात ट्रॅक्टर आला, मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली, आणि काम न करणाऱ्या बैलाचं पोट त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलं. त्याला ओट्यावर बसव, पाणी दे आणि विचार, अडचण नक्की कसली आहे? पुष्कळदा त्याला जनावर सोडायचंच नसतं, पाऊस पडेपर्यंतची वैरण हवी असते. संस्थेच्या उद्देशांत बसत असेल, तर दोन महिन्यांचा कडबा त्याच्या घरी पोचव. बैल मरेपर्यंत सांभाळण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं आणि बैल स्वतःच्या गोठ्यात, ओळखीच्या हातांत राहतो.

आणखी एक. वळू गाईंपासून वेगळे ठेव, गोऱ्ह्यांचं खच्चीकरण वेळेवर करून घे. आत वासरं जन्मायला लागली की मोजणीला अर्थ उरत नाही. वासरू कुणाला आवडत नाही? पण ते बाहेर संकटात असलेल्या जनावराची जागा घेतं, हे कुणीतरी सभेत स्पष्ट बोललं पाहिजे. ते तू बोल.

२. वैरण फाल्गुनात भर

रब्बी ज्वारीची काढणी माघ-फाल्गुनात होते. कडब्याचा भाव तेव्हा उतरलेला असतो आणि ज्येष्ठ उजाडेपर्यंत चढतो. म्हणून वर्षाची मोठी देणगी दिवाळीत मागायची आणि ती फाल्गुनातल्या खरेदीसाठी राखून ठेवायची. शेकड्याचा भाव ठरवताना पेंढी केवढी आहे ते बघ. शक्य तिथं वजनावरच घे. गंज उंचवट्यावर रचायची, तळाला दगड-लाकडं घालायची. विजेच्या तारेखाली रचायची नाही, आणि सगळा कडबा एकाच गंजीत ठेवायचा नाही. ठिणगी पडली तर निम्मा तरी वाचतो.

फुकट मिळालं म्हणून बुरशीचा कडबा उतरवून घेऊ नकोस. उसाचे वाढे हंगामात स्वस्त मिळतात, पण त्यांतल्या ऑक्झलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं. नुसत्या वाढ्यांवर जनावरं ठेवायची नाहीत. दुसरा चारा मिसळायचा आणि खनिज मिश्रण द्यायचं. ज्वारीचं कोवळं पीक कुणी कापून आणलं तर परत पाठव. त्यानं विषबाधा होऊन जनावर तासाभरात जाऊ शकतं. हिरवा मका मुबलक मिळेल तेव्हा त्याचा मुरघास करून ठेव, पावसाळ्यापर्यंत पुरतो.

३. श्रद्धेला वाट काढून दे

पितृपक्ष, वसुबारस, संक्रांत, नातवाचा वाढदिवस. या दिवशी गाड्या येतात आणि डब्यांतून भात, पुरणपोळी, गूळ, शिळ्या पोळ्या येतात. देणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण गाईचं कोठीपोट चाऱ्यासाठी बनलेलं आहे. शिजवलेलं धान्य एकदम जास्त गेलं की पोटात आम्ल वाढतं, जनावर बसतं, कधी दगावतं. पिशवीसकट टाकलेलं अन्न त्याहून वाईट. प्लास्टिक पोटात साचत जातं, पचत नाही, बाहेर पडत नाही, आणि शेवटी पोट कापूनच काढावं लागतं.

दात्याला हटकलंस तर तो दुखावेल. म्हणून फाटकाशीच कडब्याच्या पेंढ्या आणि हिरव्या चाऱ्याचे भारे किंमत लावून ठेव. त्यानं पैसे द्यावेत, पावती घ्यावी आणि स्वतःच्या हातानं गाईपुढे घालावं. गोग्रास घडला, गाईलाही बाधला नाही. बरोबर आलेल्या मुलांना प्लास्टिकचं कारण नीट समजावून सांग. ती घरी जाऊन आईवडिलांना सांगतात.

४. प्रत्येक जनावराचं पान

आलेल्या प्रत्येक जनावराची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे: कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, फोटो, रंग, शिंगं, अंदाजे वय, कुणी दिलं, कोणत्या अवस्थेत दिलं. दिलेलं जनावर वेगळं आणि पोलिसांनी आणलेलं वेगळं. पोलिसांनी आणलेलं जनावर खटल्याचा मुद्देमाल असतं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार न्यायालय असं जनावर खटला चालेपर्यंत गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवायला सांगू शकतं आणि त्याच्या देखभालीचा खर्चही ठरवून देता येतो. पण रोजची वैरण, औषध, डॉक्टरांची भेट यांची नोंदच नसेल तर खर्च मागणार कशाच्या आधारावर? निकाल लागेपर्यंत ते जनावर आपलं नाही, कुणाला देता येत नाही. दगावलं तर त्याच दिवशी पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं आणि शवविच्छेदन करून घ्यायचं.

५. औषधांचं कपाट स्वतः उघडून बघ

डॉक्टर आपण नाही, पण कपाटात काय आहे हे विश्वस्ताला ठाऊक हवं. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतातली गिधाडं संपत आली ती यामुळे. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांच्या पशुवापरावरही बंदी आली. वेदनेसाठी मेलोक्सिकॅमसारखं गिधाडांना न बाधणारं औषध आहे, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठेवायचं. गाईला वाचवताना आकाशातल्या पाखराचा जीव घ्यायचा नसतो.

नवं जनावर किमान ३ आठवडे वेगळं बांध. त्याची बादली, दावं, घमेलं सगळं वेगळं. लाळ्या-खुरकताची लस दर ६ महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. लम्पीच्या साथीत ज्यांनी हे पथ्य पाळलं नाही त्यांच्या गोठ्यांत काय झालं, ते गावोगावी लोकांनी पाहिलं आहे. आणि बसलेल्या जनावराबद्दल, वेदना हाताबाहेर गेल्या तर काय करायचं याबद्दल डॉक्टर आणि वकील यांना विचारून धोरण आधीच लिहून ठेव. तो निर्णय रात्री दोन वाजता एकट्या राखणदारावर टाकणं अन्याय आहे.

६. शेण काढणाऱ्या हातांची काळजी घे

विश्वस्त आठवड्यातून एकदा येतात. जनावरं जगतात ती रोज पहाटे गोठा झाडणाऱ्या माणसांच्या जिवावर. त्यांचा पगार ठरल्या तारखेला झाला पाहिजे, देणगी आली असो वा नसो. आठवड्याची सुट्टी, गमबूट, हातमोजे, धनुर्वाताची लस यांवर खर्च करताना हात आखडू नकोस. गाभ गेलेल्या गाईला उघड्या हातांनी हात लावायचा नाही, कारण ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. जनावराच्या तोंडातून लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, असं दिसलं तर घशात काही अडकलं समजून कुणी तोंडात हात घालायचा नाही. ती पिसाळल्याची, म्हणजे रेबीजची लक्षणं असू शकतात. डॉक्टरांना बोलवायचं, आणि हात घातला गेलाच असेल तर त्या माणसाला त्याच दिवशी दवाखान्यात लशीसाठी न्यायचं. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून गोठ्यात लाव आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांग.

७. कागदाला आळस नको

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट गेला पाहिजे. तुझं नाव आलंय, तर हे पहिलं काम. संस्थेची जमीन विकायची असेल किंवा शेतजमीन १० वर्षांहून जास्त आणि इतर जागा ३ वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची असेल, तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. कर्ज काढायलाही लागते. गावाजवळच्या गोशाळेच्या जमिनीवर पुष्कळांचा डोळा असतो. तेव्हा हा कायदा आपली ढाल आहे.

आयकरातला ८०जीचा लाभ २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही, वस्तुरूपात दिलेल्या कडब्यालाही मिळत नाही. दात्याला हे आधीच सांग. पण गाडीभर कडबा देणाऱ्याला वजन लिहिलेली पावती दिल्याशिवाय सोडू नकोस. शेणखताची विक्री दरपत्रकं मागवून कर. विश्वस्तानं स्वतःच्या दुकानातली पेंड संस्थेला विकायची नाही, भाच्याला नोकरीला लावायचं नाही. भाव कितीही रास्त असला तरी लोकांचा विश्वास एकदा उडाला की परत येत नाही.

८. भरती-ओहोटीवर गोशाळा चालत नाही

मुंबईत भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ मध्ये उभा राहिला. दोनच वर्षं आधी सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि त्यावरून पारशी समाजानं दंगा केला होता. त्यानंतर अशा जनावरांना आसरा मिळावा म्हणून जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा या व्यापाऱ्यांनी पुढाकार घेतला. तेव्हाच्या व्यापाऱ्यांनी एकदाच मोठी थैली देऊन हात झटकले नाहीत. आपल्या मालाच्या उलाढालीवर ठरावीक आकार बसवून घेतला, म्हणजे धंदा चालू तोवर पांजरपोळ चालू. त्यापासून शिकण्यासारखं हेच. एका सप्ताहात लाख रुपये जमवण्यापेक्षा दरमहा दोनशे रुपये देणारी पाचशे घरं जोड. पाच जण गळाले तरी गोठा हलत नाही. देशी गाईंसाठी रोज ५० रुपयांची अनुदान योजना सरकारनं २०२४ मध्ये जाहीर केली. तिचा अर्ज वेळेत जरूर कर, पण अंदाजपत्रक तिच्यावर बांधू नकोस. आपल्या दावणीला संकरित गाई आहेत, रेडे आहेत, बैल आहेत. भूक त्यांनाही तितकीच लागते.

९. सभा गोठ्यात घे, आणि माघारी कोण ते बघ

मंडळाची सभा कुणाच्या दिवाणखान्यात नको. गोठ्याशेजारी सतरंजी टाक. जनावरांवरून एक फेरी मारून मग बसायचं, म्हणजे चर्चा आपोआप मुद्द्यावर येते. इतिवृत्त तिथंच लिहून वाचून दाखवायचं. सभेला एक तरी पशुवैद्य, एक हिशेब कळणारा आणि एक जनावरं पाळलेला शेतकरी असू दे. नुसते देणगीदार भरले तर सभा गोड होते, प्रश्न तसेच राहतात.

पहिल्या वर्षापासूनच आपल्यानंतर कोण हे शोधायला लाग. कॉलेजातली मुलं रविवारी येतात, त्यांच्यातलं कुणी पावसातही येतं, कुणी न सांगता हौद घासतं. त्याला दप्तर दाखव, कडब्याच्या सौद्याला बरोबर ने, बँकेत ने.

येत्या सभेत विषयपत्रिकेवर पहिला विषय एवढाच घाल: आज शिल्लक वैरण किती दिवस पुरेल? तो आकडा प्रत्येक विश्वस्ताला पाठ असला पाहिजे. तीन महिन्यांच्या खाली आला, तर बाकीचे विषय बाजूला ठेवून आधी त्याची सोय करा, मगच उठा.