दुकानांतलें कुत्र्याचें पिलूं आणि त्याची न दिसणारी आई

मुंबईस नोकरीधंद्यासाठीं राहिलेला मुलगा किंवा पुतण्या सुटींत गांवीं येतांना मळ्याच्या राखणीस म्हणून विलायती जातीचें एखादें पिलूं घेऊन येतो, हा प्रकार आतां नवलाचा राहिलेला नाहीं. तें पिलूं पुष्कळदां पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून घेतलेलें असतें. जुहू, पार्ले, अंधेरी या बाजूस हिंडणारास अशीं दुकानें सहज दृष्टीस पडतात. कांचेची पेटी, वर गार हवेचें यंत्र, खालीं कागदाच्या कातरणाची गादी आणि तींत निजलेलें गुबगुबीत पिलूं. पाहणाराचें मन विरघळावें अशीच ती मांडणी असते. कित्येक हजार रुपये मोजून तें घरीं आणावें, आणि आठवड्याच्या आंतच त्यानें ओकूं लागावें, रक्ताची हगवण लागावी व पशुवैद्य येईपर्यंत तें हातचें जावें, अशा तक्रारी आमच्या कानीं येतात. सर्वच दुकानदार लबाड असतात असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु या विक्रीच्या पद्धतींतच कांहीं दोष असे आहेत कीं, ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस दिसत नाहींत.

बाजारांत बैल घ्यावयाचा झाला तर आपण त्याचे दांत पाहतों, त्यास चालवून पाहतों, खांद्यावर जूं ठेवून पाहतों; हेडी कितीही घाई करीत असला तरी जाणत्या सोयऱ्यास दाखविल्यावांचून विसार देत नाहीं. म्हैस घेतांना दोन वेळां धार काढून पाहतों, आणि पायाशीं बांधलेलें रेडकूं तिचेंच कीं दुसरीचें उसनें आणलेलें, हेंही पारखून घेतों. कालवड घ्यावयाची असेल तर तिच्या आईची कास पाहिल्यावांचून कोणी शहाणा पुढें पाऊल टाकीत नाहीं. तोच मनुष्य जुहूच्या दुकानांत शिरला म्हणजे आईचें नांवही न विचारतां पैसे काढून देतो!

दुकानांत पिलाची आई बहुतेक कधींच नसते. ती कोठें आहे, किती वेळां व्यालेली आहे, तिला खरूज आहे कीं काय, ती माणसाळलेली आहे कीं भेदरट, यांपैकीं कांहीं एक गिऱ्हाइकास कळत नाहीं. आणि पिलूं एकादोन दलालांच्या हातून आलेलें असल्यास दुकानदारासही तें सांगतां येत नाहीं. विलायतेंत या गोष्टीचा विचार होऊन इंग्लंडांत एप्रिल २०२० पासून निराळा कायदा अंमलांत आला. त्याअन्वयें सहा महिन्यांच्या आंतील पिलूं तिऱ्हाइतास विकतां येत नाहीं. घेणारानें तें पैदास करणाराकडूनच, आईजवळ पाहून, घ्यावयाचें असतें. फ्रान्स देशानेंही १ जानेवारी २०२४ पासून दुकानांतून कुत्र्यामांजरांची विक्री बंद केली आहे.

आतां त्या रक्ताच्या हगवणीविषयीं. या रोगास पार्व्हो म्हणतात व तो १९७८ च्या सुमारास जगांत प्रथम ओळखला गेला. वासरास चिकाचें जें महत्त्व, तेंच पिलास आईच्या पहिल्या दुधाचें असतें. त्यांतून मिळालेली रोगप्रतिकारक शक्ति कांहीं आठवडे टिकते आणि मग हळूहळू उतरते. ती अंगांत असेपर्यंत टोंचलेली लस लागूं पडत नाहीं. मध्यंतरीं असे कांहीं दिवस येतात कीं, आईची शक्ति रोग अडविण्यास अपुरी पडते, पण लस निष्फळ करण्यास मात्र पुरेशी असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनीं, निदान सोळा आठवड्यांचें वय होईपर्यंत, लस पुन्हां पुन्हां टोंचावी लागते. दुकानांतलें पिलूं नेमकें याच नाजुक दिवसांत आईपासून तोडलें जातें, प्रवास करतें, आणि चार ठिकाणच्या पिलांसह एका जागीं राहतें. रोगाचा विषाणू अंगांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस व कधीं दोन आठवडेही जातात. तेव्हां दुकानांत शेपटी हालविणारें पिलूं घरीं येऊन पांचव्या दिवशीं पडतें, यांत जादू कांहीं नाहीं. ‘लस झाली आहे’ हें विक्रेत्याचें वाक्य खरें असूनही पुरेसें नसतें.

केंद्र सरकारनें, प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालीं, २०१७ सालीं कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीं आणि २०१८ सालीं पाळीव प्राण्यांच्या दुकानांविषयीं नियम केले. आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकूं नये, आणि पैदास करणारानें व दुकानदारानें राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, असें ते नियम सांगतात. अठरा महिन्यांच्या आंत कुत्रीस फळवूं नये व जन्मांत तिचीं पांचांहून अधिक वेतें घेऊं नयेत, असेंही त्यांत आहे. नियम चांगले आहेत. पण दुकानांतलें पिलूं जसजसें वाढतें तसतशी त्याची किंमत दुपारच्या भाजीप्रमाणें उतरते, म्हणून तें लहान असतांच खपविण्याचा मोह असतो. येथें शेतकऱ्याची दांत पाहण्याची संवय कामास येते. आठ आठवड्यांच्या पिलास दुधाचे सर्व, म्हणजे अठ्ठावीस, दांत आलेले असावयास पाहिजेत. मागच्या दाढा हिरडींतच असतील तर वय फुगवून सांगितलें आहे असा संशय धरावा.

लवकर तोडलेल्या पिलाचा दुसरा तोटा उशिरां कळतो. भावंडांशीं खेळतांना कितपत चावावें हें पिलूं शिकतें. आणि तिसऱ्यापासून सुमारें चौदाव्या आठवड्यापर्यंत जीं माणसें, जनावरें व आवाज त्याच्या परिचयाचे होतात त्यांस तें पुढें बुजत नाहीं. हे दिवस कांचेच्या पेटींत गेलेलें कुत्रें मळ्यावर ट्रॅक्टरला भितें, गड्याच्या मुलास चावतें, आणि चोर आला असतां बाजेखालीं जातें.

जातीविषयीं थोडेंच सांगूं. २००३ सालीं एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातींत पग जातीचें कुत्रें झळकलें आणि घरोघर पगची हौस सुटली. कुत्रें धापा टाकून अंग निववितें. ज्याचें नाकच चेपलेलें, त्यानें सोलापूरच्या वैशाखांत काय करावें? सायबेरियांत गाडी ओढण्यासाठीं तयार झालेल्या हस्कीचीही तीच गत. वंशावळीच्या कागदास भुलूं नये; तो आईबापांचीं नांवें सांगतो, त्यांचें आरोग्य सांगत नाहीं.

रोग एका पिलापुरता राहत नाहीं, हें गांवांत राहणारानें विशेष ध्यानांत ठेवावें. अमेरिकेंत २०१६ ते २०१८ या काळांत दुकानांतल्या पिलांपासून शंभरांहून अधिक माणसांस हगवण लागली, व तिचा जंतु नेहमींच्या औषधांस दाद देईना. बहुतेक पिलांस रोग नसतांही आधींच प्रतिजैविकें दिलेलीं आढळलीं. गीरच्या जंगलांत २०१८ सालीं वीसांहून अधिक सिंह थोड्या दिवसांत मेले, त्यांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सांपडला. ज्यांच्या बांधाशीं रान आहे व कुत्र्यावर बिबट्याची नजर असते, त्यांनीं याचा विचार करावा.

राखणीसाठींच कुत्रें पाहिजे असेल तर जुहूच्या कांचेपेक्षां जवळच्या वस्तीवर, धनगराच्या वाड्यावर, व्यालेली कुत्री शोधावी. शिकारी अंगाचें कारवानी हवें असल्यास मुधोळच्या बाजूस जावें. तेथें तिम्मापूर येथें कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें या जातीचें संशोधन केंद्र आहे, आणि २००५ सालीं टपाल खात्यानें या कुत्र्याचें तिकिटही काढलें. जुहूच्या वाळूंत व मोरागांवच्या कोळीवाड्यांत जीं गांवठी कुत्रीं हिंडतात, त्यांस कोणी मोल देत नाहीं. आमच्या मतें त्यांचें पिलूं आईपाशीं पाहून, पशुवैद्यास दाखवून पाळलें तर पुष्कळ बरें. तें सुद्धां लस टोंचल्यावांचून पाळूं नये.

तरीही दुकानांतूनच घेणें असेल तर नोंदणीचें प्रमाणपत्र पाहावें. पैदास करणाराचें नांव व पत्ता, लशीच्या तारखा आणि पावती लेखी घ्यावी. त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें. पिसाळीची लस साधारणतः तीन महिन्यांचें झाल्यावर टोंचतात, ती चुकवूं नये. तोंपर्यंत पिलूं चावलें वा ओरबाडलें तर जखम पंधरा मिनिटें साबणपाण्यानें धुऊन दवाखान्यांत जावें. पहिले दोन आठवडे त्यास घरच्या कुत्र्यांपासून दूर, फरशीच्या जागेवर ठेवावें. पार्व्होनें पिलूं मेलेंच तर फरशी घांसून धुवावी व त्यावर कपडे धुण्याचें ब्लीच तीसपट पाण्यांत मिसळून ओतावें. नुसत्या फिनाइलनें हा विषाणू मरत नाहीं. मातींत तो वर्षभरही टिकतो. तेव्हां त्या अंगणांत लशी पुऱ्या न झालेलें दुसरें पिलूं वर्षभर आणूं नये.